प्रख्यापन आणि दवंडी

परवां सकाळीं उल्हासनगरांतील आमच्या कॅम्प ५ मधून पालिकेची रिक्षा कर्णा लावून गेली. दुसऱ्या दिवशीं पाणी येणार नाहीं, एवढेंच तिला सांगावयाचें होतें. त्याच दिवशीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, अध्यादेश प्रख्यापित केला म्हणजे जाहीरच केला ना? मग जाहीर केला असें कां लिहीत नाहींत?" त्याच्या प्रश्नाला मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें, म्हणून हें टांचण.

'प्रख्यापित' हा शब्द इंग्रजी 'प्रॉमल्गेट' या क्रियापदासाठीं योजिलेला आहे. 'अनाउन्स' कोणीही करावें. लग्न ठरल्याचें, परीक्षेचा निकाल लागल्याचें. 'प्रोक्लेम' करण्यास राजसत्तेचा थाट लागतो. 'प्रॉमल्गेट'चें क्षेत्र मुख्यतः कायद्याचें आणि धर्ममताचें. आणि तेथें जाहीर करणें ही घडून गेलेल्या कृत्याची वार्ता नसून त्या कृत्याचाच शेवटचा भाग असतो. संविधानाच्या २१३ व्या अनुच्छेदान्वयें विधिमंडळाचें अधिवेशन चालू नसतांना राज्यपाल अध्यादेश काढतो, तेव्हां हेंच क्रियापद येतें. कांहीं इंग्रजी लेखक केवळ भारदस्तपणासाठीं तें कोणत्याही बातमीला लावतात. ती हौस होय, अर्थ नव्हे.

गंमत अशी कीं, मूळच्या रोमन व्यवहारांत या शब्दाचा क्रम उलटा होता. तेथें कायद्याचा मसुदा आधीं लोकांसमोर लावीत, बाजाराचे तीन दिवस जाऊं देत, आणि मग मतदान होई. म्हणजे लोकांनीं वाचावें, नंतर कायदा व्हावा. पुढें शब्द तोच राहिला, पण कायदा आधीं आणि लोक मागून आले.

आमच्या भाषेंत या व्यवहाराचे शब्द निरनिराळ्या घरचे आहेत. 'जाहीर' अरबी, जें उघड दिसतें तें. 'घोषणा' कानासाठीं. 'प्रख्यापन' हें 'ख्या' धातूपासून, 'प्रख्यात'चेंच भावंड. परंतु प्रख्यात माणसाला सारा गांव ओळखतो, आणि प्रख्यापित अध्यादेश राजपत्राच्या वाचकांपलीकडे क्वचितच कोणी ओळखतो. दवंडीला मात्र ऐकणारा गृहीत धरावाच लागे. (ती पिटण्याचें काम बहुधा महाराकडे असे. ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेवलें, त्याच्या आवाजावांचून गांवाचा हुकूम पुरा होत नसे, हें आमच्या इतिहासकारांनीं अधिक तपासावें.)

ऐकणारा गृहीत धरावा कीं नाहीं, याचा झगडा आमच्या सर्वोच्च न्यायालयांतही झाला आहे. जयपूर संस्थानांत १९२३ सालीं मंत्रिमंडळानें नुसत्या ठरावानें अफूचा कायदा केला. तो प्रसिद्ध असा कधीं झालाच नाहीं. त्याखालीं हरला नांवाच्या इसमास ५० रुपये दंड झाला. १९५१ सालीं न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं निर्णय दिला कीं, लोकांपर्यंत पोहोंचण्याची कांहीं रीतच न पाळलेला कायदा कायदा नव्हे.

मुंबईचा दावा याच्या अगदीं उलट गेला. सोन्याच्या वाहतुकीवरील निर्बंधाची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजीं राजपत्रांत छापली गेली. त्यानंतर तीनच दिवसांनीं मायर हान्स जॉर्ज हा अंगावर ३४ किलो सोनें घेऊन झुरिचहून मनिलाला निघाला, आणि वाटेंत मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला. झुरिचमध्यें त्यानें भारताचें राजपत्र वाचावें अशी अपेक्षा कोण करील? उच्च न्यायालयानें त्याला सोडलें. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें दोषी ठरविलें. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं भिन्न मत नोंदविलें. राजपत्रांत छापलें म्हणजे जाहीर झालें, हा नियम राज्य चालवण्यास आवश्यक असेल. तो माणसाला कळलें असें मात्र म्हणूं शकत नाहीं.

आमच्या गांवाला हें नवीन नाहीं. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची कोनशिला बसली. बराकींच्या जागीं इमारती उठल्या, पुष्कळशा परवानगीवांचून. त्या नियमित करण्यासाठीं राज्यानें २००६ सालीं उल्हासनगरापुरता स्वतंत्र कायदा केला.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी अशाच एका इमारतींत राहतो. मीं त्याला या कायद्याचें नांव सांगितलें, तर त्यानें तें प्रथमच ऐकलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें प्रत आणली, आणि व्याख्येचें कलम वाचतां वाचतांच तास संपला.