चर्चमधील अपंगांचा सहभाग

अपंग ख्रिस्ती व्यक्तींना उपासना, संस्कार आणि नेतृत्व यांत इतर सभासदांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून चर्चला आपली वास्तू, विधी आणि शिकवण यांत करावे लागणारे बदल या विषयात मोडतात. दाराशी उतार बांधला की काम झाले, असे बऱ्याच मंडळ्या धरून चालतात. मात्र बरोबरी आहे की नाही, हे वेदीपाशी कळते. रोमन कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत, वेदीपाशी सुरक्षितपणे किंवा शोभेलशा रीतीने सेवा करता येणार नाही असे शारीरिक व्यंग असल्यास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळत नसे. ‘शोभेलशा’ ही अट पायऱ्या काढून सुटणारी नव्हती; 1983 च्या संहितेत हे कलम उरले नाही.

अमेरिकेत 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याने दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे यांच्यावर सुगम प्रवेशाची सक्ती केली, पण धार्मिक संस्थांना त्यातून सूट दिली. जन्मजात अस्थिविकार असलेल्या अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ नॅन्सी आयझलँड (1964–2009) यांचे ‘द डिसेबल्ड गॉड’ हे पुस्तक 1994 मध्ये आले. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जात. त्यांना मात्र येण्याची गरज नाही असे सांगून, सर्वांचे झाल्यावर भाकर आणि प्याला जागेवर आणून दिला जाई, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. हेतू चांगलाच होता, तरी सर्वांनी मिळून करायचा विधी त्यांच्यापुरता एकटीचा झाला. जुन्या वास्तूत बदल करणे खर्चाचे असते, हा आक्षेप खरा आहे. पण सर्वांनीच खाली, सपाट जागी प्रभुभोजन घ्यायला किंवा मधल्या रांगेतला एक बाक आखूड करून तिथे व्हीलचेअरला जागा ठेवायला फारसा पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे, आणि तो अधिक खोलवर जातो: येशूने आजाऱ्यांना बरे केले, मग चर्चनेही सोयींऐवजी आरोग्यासाठी प्रार्थना करावी, असे काहींना वाटते. प्रार्थनेला कोणी हरकत घेत नाही. पण लूकच्या 14 व्या अध्यायातील मेजवानीच्या दृष्टान्तात लंगडे, आंधळे, व्यंग असलेले लोक आहेत तसेच पंक्तीला बसवले जातात, आधी बरे केले जात नाहीत. पुनरुत्थित ख्रिस्तही हातापायांवरच्या खुणांसह शिष्यांना भेटतो. आयझलँड यांच्या मांडणीचा आधार हाच आहे. जागतिक चर्च परिषदेच्या 1998 च्या हरारे अधिवेशनातून अपंगांचे जाळे उभे राहिले, आणि याच विषयावरचे परिषदेचे 2003 चे निवेदन लिहिणाऱ्यांत स्वतः अपंग माणसे आणि अपंग मुलांचे आईवडील होते.