छोटा ब्लेंडर घेताना: एका पेल्यासाठी कोणते यंत्र योग्य?

लखनौ : जून महिना उजाडला, की मलिहाबादच्या बागांतून उतरविलेला दशहरी आंबा लखनौच्या बाजारांत येऊ लागतो. अमीनाबादपासून हजरतगंजपर्यंत रसाच्या आणि मँगोशेकच्या गाड्यांभोवती गर्दी होते. याच दिवसांत घरगुती उपकरणांच्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीच्या पानांवर एका लहानशा यंत्राची मागणी वाढलेली दिसते. एका वेळी एक पेला पेय तयार करणारा, हातात मावणारा छोटा ब्लेंडर म्हणजे हे यंत्र.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी राहणारी मुले, दोघांचेच कुटुंब, एकटे राहणारे वृद्ध आणि तान्ह्या बाळाची आई, असा या यंत्राचा ग्राहकवर्ग आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून मराठी माणसाला हे शहर परके राहिलेले नाही. आजही येथे खोली घेऊन राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या सामानात मोठा मिक्सर नसतो. मात्र लहान यंत्र स्वस्त दिसते म्हणून घाईने घेतले, तर पैसे वाया जातात आणि काही वेळा इजाही होऊ शकते. म्हणून खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

मिक्सर आणि ब्लेंडर यांतील फरक

ब्लेंडरचा जन्म पेयांसाठी झाला. अमेरिकेत स्टीफन पोप्लाव्स्की यांनी १९२२ साली भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसविण्याची कल्पना मांडली. ती दुकानांत विकल्या जाणाऱ्या माल्टेड दुधाच्या पेयांसाठी होती. १९३७ पासून वादक फ्रेड वेअरिंग यांच्या नावाने विकल्या गेलेल्या यंत्राने ब्लेंडर घरोघरी पोहोचविला.

भारतीय स्वयंपाकघराची गरज वेगळी होती. ओले खोबरे, भिजविलेली डाळ, हळकुंड आणि सुका मसाला वाटताना परदेशी यंत्रांच्या मोटारी टिकत नसत. ही अडचण ओळखून अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ साली मुंबईत अधिक ताकदीच्या मोटारीचा ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. तेव्हापासून आपल्याकडे ‘मिक्सर’ या शब्दाचा अर्थ वाटणारे यंत्र असाच रूढ झाला.

छोटा ब्लेंडर मात्र मूळ पेयांच्याच परंपरेतला आहे. मऊ फळे, दूध, दही, भिजविलेला सुकामेवा आणि थोडा बर्फ एवढे त्याचे कार्यक्षेत्र असते. त्यात ओल्या नारळाची चटणी किंवा गरम मसाला होईल, ही अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी पडते.

मोठ्या भांड्यात थोडे पेय का होत नाही?

मिक्सरच्या दीड लिटरच्या भांड्यात एक केळे आणि अर्धा पेला दूध घातले, तर फळाचे तुकडे भिंतीला चिकटून राहतात. पाते तळापासून थोडे वर असते. त्याच्याभोवती पुरेसा द्रव नसल्यास भोवरा तयार होत नाही आणि वर उडालेले तुकडे पात्याकडे परत येत नाहीत. छोट्या ब्लेंडरचे भांडे अरुंद आणि बहुधा ३०० ते ६०० मिलिलिटरचे असते. त्यामुळे थोडा द्रवही पात्याभोवती फिरत राहतो.

हेच काम घरातील मिक्सरबरोबर मिळालेले चटणीचे छोटे भांडेही बऱ्याच अंशी करते. म्हणून ज्या घरी चांगला मिक्सर आहे, त्यांनी आधी या भांड्यात मिल्कशेक करून पाहावा. तो समाधानकारक झाला, तर नव्या यंत्राची गरजच उरत नाही.

वायरचा की बॅटरीचा?

बाजारात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात यंत्र विजेवर चालते. भांडे भरून त्याला पात्याचे झाकण लावायचे आणि ते उलटे करून मोटारीवर बसवायचे, अशी त्याची रचना असते. त्याची क्षमता साधारणपणे २०० ते ६०० वॅट असते. दुसऱ्या प्रकारात तळाशी लिथियम बॅटरी असते आणि मोबाइलप्रमाणे यूएसबी वायरने ती चार्ज करता येते. त्याची ताकद पुष्कळ कमी असते.

बॅटरीवरील यंत्राची जाहिरात ‘४००० एमएएच’ अशा आकड्यांनी केली जाते. हा आकडा ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असेल, तर तिच्यात सुमारे १४.८ वॅट-तास ऊर्जा साठते. १०० वॅट खेचणारी मोटार ४० सेकंद चालली, तर सुमारे १.१ वॅट-तास खर्च होतात. म्हणजे हिशेबाने तेरा पेले होतील. प्रत्यक्षात उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा आणि बॅटरीचे वय लक्षात घेता त्याहून कमीच धरावेत. ५ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या चार्जरने ही बॅटरी भरण्यास दोन तासांच्या आसपास वेळ लागतो.

वीज वारंवार जात असेल, प्रवास घडत असेल किंवा कार्यालयात पेय करावयाचे असेल, तर बॅटरीचा प्रकार सोयीचा आहे. रोज गोठविलेली फळे, बर्फ किंवा भिजविलेले बदाम घालावयाचे असतील, तर किमान ३०० ते ४०० वॅटचे, विजेवर चालणारे यंत्र घ्यावे.

परदेशातील नातेवाइकांनी भेट दिलेल्या यंत्राबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आहे, तर आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडचे वायरचे यंत्र केवळ पिन बदलून येथे लावल्यास मोटार जळू शकते. यंत्राच्या तळावरील पट्टीवर ‘२२०-२४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल, तरच ते वापरावे. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या यंत्राला ही अडचण येत नाही.

दशहरी आणि थंडाई: दोन कसोट्या

यंत्राची ताकद आकड्यांपेक्षा पदार्थावरून लवकर कळते. दशहरी आंब्याच्या गरात तंतू जवळजवळ नसतात. त्यामुळे हापूसप्रमाणेच त्याचा शेक कमी ताकदीच्या यंत्रातही मुलायम होतो. याउलट कोकणातील वा देशावरील रायवळ आंब्याचे धागे पात्याभोवती गुंडाळले जातात. असा आंबा आधी हाताने पिळून, रस गाळून घेणे बरे.

दुसरी कसोटी थंडाईची. लखनौच्या चौक भागात थंडाईचा मसाला पाट्यावर वाटण्याची परंपरा आहे. बदाम, खसखस, मगज, बडीशेप आणि काळी मिरी यांत खसखस सर्वांत अवघड. ती इतकी बारीक असते, की कोरडी टाकल्यास छोट्या यंत्राच्या पात्याखालून तशीच निसटते. सर्व जिन्नस काही तास भिजवून, आधी थोड्या दुधात वाटून, मग उरलेले दूध घातल्यास बरे वाटण मिळते. तरीही शेवटी फडक्याने गाळावे लागेल, हे गृहीत धरावे.

जिन्नस घालण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाते तळाशी असलेल्या उभ्या यंत्रात आधी द्रव आणि मग फळे घालावीत. भांडे उलटे करावयाच्या यंत्रात बर्फ आणि कठीण तुकडे आधी, मऊ फळे नंतर व द्रव शेवटी घालावा. उलटल्यावर द्रव आणि मऊ भाग पात्याजवळ येतो. दोन्ही प्रकारांत भांड्यावरील कमाल खुणेच्या वर भरू नये.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष नको

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ‘ब्लेंडजेट २’ या बॅटरीवरील ब्लेंडरचे सुमारे ४८ लाख नग माघारी बोलाविल्याची घोषणा केली. यंत्र तापून पेट घेण्याचा आणि पाते तुटण्याचा धोका, ही त्याची कारणे होती. लाखो घरांत वापरात असलेल्या उत्पादनाबाबतही असे घडू शकते, हा त्यातील धडा आहे.

लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात चार्ज करू नये, असे मानले जाते. लखनौत, तसेच विदर्भात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. अशा दिवसांत शेगडीजवळ, गच्चीवर किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र चार्ज करू नये. बॅटरीचा भाग फुगला, वास आला किंवा चार्ज होताना चटका बसण्याइतका तापला, तर वापर त्वरित थांबवावा.

गरम पदार्थ घालणे हा सर्वांत मोठा धोका आहे. छोट्या ब्लेंडरचे भांडे पूर्ण बंद असते. त्यात गरम सूप, डाळ किंवा उकळते दूध फिरविल्यास वाफेचा दाब वाढतो आणि झाकण उघडताना पदार्थ अंगावर उडून भाजू शकते. सोडा किंवा फसफसणारे पेय घातल्यासही दाब वाढतो. बाळासाठी खिमट किंवा उकडलेल्या भाज्या वाटावयाच्या असतील, तर त्या आधी पूर्ण गार होऊ द्याव्यात.

भांडे नीट बसल्याशिवाय मोटार सुरू होणार नाही, अशी कळ यंत्रात असणे अत्यावश्यक आहे. दुकानात भांडे काढून बटण दाबून पाहावे. यंत्र सुरू झाले, तर ते घेऊ नये. सलग चालविण्याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. ती अनेक यंत्रांत एका मिनिटाचीच असते. मर्यादा ओलांडल्यास मोटार जळते किंवा पात्याखालचे रबर वितळू लागते.

खुणा आणि कागद

भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस ४२५०’ हे मानक घरगुती मिक्सर व ब्लेंडरसाठी आहे. यंत्रावर आयएसआय चिन्ह असल्यास त्याजवळील परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. लिथियम बॅटरीसाठी ‘आयएस १६०४६’ हे मानक असून तिच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आर’ या अक्षराने होते.

भांडे प्लास्टिकचे असल्यास ते ‘बीपीए-मुक्त’ आहे का, हे पाहावे. काच जड आणि फुटणारी असली, तरी तिला वास व डाग लागत नाहीत. हळद घातलेले दूध किंवा गाजराचा रस नेहमी करणाऱ्यांना ती अधिक सोयीची.

पाते आणि त्याखालचे रबरी वॉशर सुटे मिळते का, हा प्रश्न अवश्य विचारावा. वर्षभरात बहुधा तेच झिजते. ते मिळत नसेल, तर चांगली मोटार असूनही यंत्र निकामी ठरते. वॉशरखाली साचलेल्या दुधात बुरशी धरते. म्हणून वॉशर निघण्यासारखे असल्यास ते अधूनमधून काढून धुवावे व वाळवावे. रोज वापरानंतर लगेच पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून काही सेकंद यंत्र फिरवावे. मोटारीचा भाग पाण्यात बुडवू नये.

ऑनलाइन खरेदीत मूळ देशाचे नाव दर्शविणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते. त्यासाठी पावती जपून ठेवावी. जुने बॅटरीचे यंत्र केराच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे.

यंत्र आले, म्हणून आरोग्य आले नाही

ब्लेंडरमध्ये फळाचा चोथा टाकला जात नाही. त्यामुळे गाळलेल्या रसापेक्षा हे पेय बरे. तरीही १०० ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते. २०० ग्रॅम गर आणि एक पेला दूध घेतले, की नैसर्गिक साखरच ३५ ग्रॅमच्या पुढे जाते. वर दोन चमचे साखर घालण्याचे कारण नाही. शिवाय चावून खाताना जे फळ पुरे वाटते, त्याच्या दुप्पट पिताना सहज पोटात जाते. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दात नसलेल्या वृद्धांना हे यंत्र मोठा आधार ठरते. मात्र ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी पातळ पेय घनपदार्थापेक्षाही धोक्याचे असू शकते. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा. एक वर्षाखालील बाळाच्या कोणत्याही मिश्रणात मध घालू नये.

थोडक्यात, घरात मिक्सर असेल तर आधी त्याचे छोटे भांडे वापरून पाहावे. एकट्याने राहून रोज पेय करणाऱ्यांनी विजेवर चालणारे ३०० ते ४०० वॅटचे, सुटे भाग मिळणारे यंत्र घ्यावे. प्रवासासाठी आणि मऊ फळांसाठीच बॅटरीचे यंत्र निवडावे. दोन्हींत सुरक्षेची कळ, मानकाची खूण आणि पावती या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.