गोधडी : नाव नसलेल्या हातांचे दफ्तर

१/ आजीने शिवलेली गोधडी जपणाऱ्या घराला आपण इतिहासाचे एक साधन जपत आहोत, याची बहुधा जाणीव नसते. ज्या स्त्रियांच्या नावे दफ्तरात एकही कागद नाही, त्यांच्या हाताचा पुरावा अनेकदा एवढाच उरतो. हा धागा त्याविषयी.

२/ महाराष्ट्रात गोधडी, काही भागांत वाकळ. वर-खाली जुने लुगडे किंवा धोतर, आत विरलेल्या कापडांचे थर आणि सर्वांना बांधणारा साधा धावदोरा. शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात हे शिवण निघे. मुलगी आईशेजारी बसून टाका शिके.

३/ १६व्या-१७व्या शतकांत बंगालमधील सातगावच्या परिसरातून पोर्तुगीजांनी रेशमी भरतकामाच्या रजया युरोपात नेल्या. त्यांवर ग्राहकाची अभिरुची स्पष्ट दिसते. शिवणाऱ्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

४/ बंगालमध्येच एक मोलाचा अपवाद सापडतो. १९व्या शतकात मानदासुंदरी दासी हिने वडिलांसाठी कांथा शिवली आणि तीवर स्वतःचे नावही भरले. ती कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे.

५/ पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी काही जण निसटून घाटातील जंगलांत गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचा इतिहास त्यांच्याशी जोडलेला आहे. सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ कडेपासून मध्याकडे शिवत नेतात. कोपऱ्यांवर घडीचे छोटे त्रिकोणी तुकडे, म्हणजे ‘फुला’, लावल्याखेरीज ती पूर्ण मानली जात नाही.

६/ येथे दोन सावधगिरी आवश्यक आहेत. कापडाचे वय म्हणजे गोधडीचे वय नव्हे. जुने लुगडे कितीतरी वर्षांनी शिवणीत येते. आणि या कलेचे कौतुक करताना तिचे मूळ विसरू नये : कापड टाकून देणे परवडत नव्हते.

७/ कागद कपाटात टिकतो. गोधडी अंगावर वापरली जाते, धुतली जाते, विरते. तिच्यासोबतची आठवण तर त्याहूनही लवकर जाते. माझ्या आजीच्या गोधडीत एक हिरवा तुकडा आहे. तो कोणाच्या लुगड्याचा, हे विचारायचे राहून गेले. आता सांगणारे कोणी नाही.

८/ म्हणून एक विनंती. घरात गोधडी असेल, तर ती कोणी शिवली, कधी शिवली, त्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत, हे आजच विचारा आणि लिहून ठेवा. शिवणारीचे नाव सर्वांत आधी लिहा.