रिकाम्या खोलीतले श्रोते

'ऑडिशन' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. ज्या लॅटिन धातूपासून तो आला त्याचा अर्थ 'ऐकणे' एवढाच. म्हणजे मुळात भार ऐकणाऱ्यावर आहे. आपण तिला 'चाचणी' म्हटले आणि तो भार गाणाऱ्यावर टाकला. 'रियाज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्यामागे 'रियाजत' आहे, म्हणजे देहाला आणि मनाला वळण लावणारी तपश्चर्या. 'तालीम' म्हणजे शिकवण. मराठीने हा एकच शब्द गवयाला, नटाला आणि पैलवानाला वाटून दिला. वाहिनीवरील गायनस्पर्धेच्या चाचणीसाठी खोलीचे दार लावून एकटीच गाणे घोटणारी आजची मुलगी या तीनही शब्दांच्या मध्ये उभी आहे. तिच्याकडे पाहून 'रियाज संपला, उरली ती तयारी' असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही तक्रार इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे येथे पाहायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : एकांतातला रियाज कधीच श्रोत्यावाचून नव्हता. प्रत्येक काळाने त्या रिकाम्या खोलीत एकेक अदृश्य श्रोता आणून बसवला, आणि तो श्रोता बदलला तसा रियाजही बदलला.

घराण्यांच्या परंपरेत एकांताला मान होता. चाळीस दिवस जगापासून दूर राहून करायचा 'चिल्ला' हे त्याचे टोकाचे रूप. पण पहाटेचा खर्ज असो की तासन्‌तास घोटलेले पलटे, ते गुरूने दिलेले असत. शिष्य एकटा असला तरी गुरूचा कान त्या खोलीत हजर असे, कित्येकदा शब्दशः, कारण शिष्य गुरूच्याच घरी राहत असे. एकांत हा शिक्षणाचा एक भाग होता, शिक्षणाला पर्याय नव्हता. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. कोणाला त्या घरात प्रवेश मिळावा हे जन्म, नाते आणि गुरूची मर्जी यांवर ठरे. चिजा राखून ठेवल्या जात. जिथे दारच उघडत नव्हते तिथे रियाजाच्या शुद्धतेची चर्चा कोणाच्या वतीने करायची?

दार किलकिले झाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. छापील चीज समोर ठेवून एकट्याने गाणे बसवणे प्रथमच शक्य झाले. त्याच सुमारास, १९०२ साली, कलकत्त्याला गौहर जान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि तबकडीच्या रूपाने एक अजब गुरू घरात आला. तो कितीही वेळा तेच न कंटाळता गाऊन दाखवी, पण समोरच्याचे गाणे कधीच ऐकत नसे.

या गुरूचे दोन शिष्य मराठी वाचकाला परिचित आहेत. भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि १९३३ साली ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. त्याच कौतुकातून त्याला 'कुमार गंधर्व' हे नाव मिळाले. पण हेच कुमार पुढे मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला आले. क्षयामुळे गाणे बंद पडल्यावर देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि त्यांतून त्यांचे स्वतःचे गाणे उभे राहिले. नक्कल हा शेवट नव्हता, आरंभ होता. भीमसेनांना तबकडीने घराबाहेर काढले. कुमारांना तबकडीच्या पलीकडे जायला वर्षे लागली, पण ते गेले. एकट्याने ऐकून गाणाऱ्या आजच्या मुलांना 'नकलाकार' म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आज ज्या अर्थाने आपण 'ऑडिशन' म्हणतो ती मात्र आकाशवाणीने दिली. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात कलावंतांच्या चाचणीची आणि श्रेणीची पद्धत घालून देण्यात आली. चाचणी मंडळाची धुरा भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे होती. प्रतिष्ठित गवयांना आणि वादकांना हे अपमानास्पद वाटले आणि विरोध झाला. तो निव्वळ अहंकाराचा नव्हता. मैफलीत श्रोता समोर असतो. त्याच्या माना डोलण्यावर गाणे वाढते, त्याच्या चुळबुळीवर आवरते. मायक्रोफोनपुढे काही मिनिटांत न दिसणाऱ्या मंडळासाठी गायचे म्हणजे हा सगळा संवादच कापून टाकायचा. माध्यमाच्या अटी रियाजाच्या खोलीपर्यंत कशा पोचतात, याचे आणखी एक उदाहरण पेटीचे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीच्या साथीवर वाढलेल्या गळ्याला नभोवाणीसाठी तिच्याशिवाय गाण्याची सवय करावी लागली.

तरीही नभोवाणीच्या चाचणीत न्यायाची एक कल्पना होती : घराण्याचे नाव नव्हे, आवाज ऐकावा. लोकप्रिय संगीतात हीच कल्पना स्पर्धेच्या रूपाने आली. १९५७ च्या मेट्रो-मर्फी स्पर्धेत महेंद्र कपूर पहिले आले आणि त्यातून त्यांना सी. रामचंद्रांकडे 'नवरंग'मध्ये गायला मिळाले. स्पर्धा हे चित्रपटसंगीताचे प्रवेशद्वार होऊ शकते, हे वाहिन्यांच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते.

मधल्या काळात खोलीतली साधने बदलली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि षड्जासाठी दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. कॅसेटमुळे तेच कडवे शंभरदा मागे नेऊन ऐकता येऊ लागले. जपानमध्ये १९७१ साली दाइसुके इनोउए यांनी कराओके यंत्र बनवले होते, तेही यथावकाश आपल्याकडे आले. त्या शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद' असा आहे. साथ आहे, पण साथीदार नाहीत. साथीदार असता तर गाणाऱ्याची दमछाक पाहून पट्टी उतरवून देता. तयार ट्रॅक बहुधा मूळ गायिकेच्या पट्टीत असतो आणि मुलगी आपल्या गळ्याचे माप सोडून त्या मापात शिरण्याचा प्रयत्न करते.

मग दूरचित्रवाणी आली. झी टीव्हीवर 'सा रे ग म' १९९५ साली सुरू झाले, 'इंडियन आयडॉल' २००४ साली. त्याचा पहिला विजेता अभिजीत सावंत मुंबईचा मराठी मुलगा. २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने तर मराठी घराघरांत अभंग आणि नाट्यपदे पुन्हा गुणगुणायला लावली. आळंदीची कार्तिकी गायकवाड त्यात विजेती ठरली. यातली बरीच मुले गुरूकडे किंवा घरी रीतसर शिकत होती, ही गोष्ट 'झटपट' गायकांविषयीच्या तक्रारीत सोयीस्करपणे गळून पडते.

नवे काय झाले? आमच्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे वेळ. पहिल्या फेरीत मुखडा आणि फार तर एक अंतरा, तोही अनेकदा साथीशिवाय. त्यामुळे रियाज विस्ताराचा न राहता ठिकाणांचा होतो : ही हरकत, हा वरचा स्वर, हा ठहराव. दुसरे म्हणजे चेहरा. नभोवाणीच्या चाचणीत नापास झालेला कलावंत ते दुःख घरी नेऊ शकत होता. येथे नकाराचे चित्रण होते आणि ते प्रक्षेपितही होऊ शकते. खोलीतल्या एकांतात आता आरसाही लागतो, कारण अदृश्य श्रोता प्रेक्षक झाला आहे. एसएमएसच्या मतांनी त्याला परीक्षकाच्या बरोबरीने बसवले. गुरू चूक काढून ती दुरुस्त करायला थांबत असे, मत देणारा थांबत नाही.

म्हणून एकटीने तयारी करणाऱ्या त्या मुलीचा प्रश्न नैतिक नाही, व्यवहाराचा आहे : तिला ऐकणार कोण? स्वतःचा आवाज आपण काही अंशी कवटीच्या हाडांतून ऐकतो, म्हणून तो आपल्याला असतो त्याहून भरदार वाटतो. मोबाइलवर मुद्रित केलेला आवाज परका वाटतो तो याचमुळे. पूर्वी हे परकेपण गुरू पुरवीत असे. आता ते मुद्रणाकडून घ्यावे लागते. साथीशिवाय उभे राहिल्यावर आपला षड्ज स्वतःच लावावा लागतो, आणि घाबरलेला गळा तो वर चढवतो. काळी चारच्या सवयीची मुलगी नकळत काळी पाचला सुरुवात करते आणि अंतऱ्यात अडकते. तानपुरा बंद करून आपला षड्ज पुन्हा पुन्हा शोधणे हा तिच्या कामाचा रियाज आहे, आणि तो कोणत्याही घराण्याला मान्य व्हावा असाच आहे.

रियाज संपला नाही. त्याच्यापुढचा कान बदलला. तक्रार करायचीच असेल तर गाणाऱ्या मुलीविषयी करू नये. 'ऑडिशन'चा मूळ अर्थ ज्यांना लागू आहे त्यांच्याविषयी, म्हणजे ऐकणाऱ्यांविषयी करावी. त्यांत परीक्षक आले, वाहिन्या आल्या, आणि रिमोट हातात घेऊन बसलेले आपणही आलो.