टाळूची खिडकी

बाळाला न्हाऊमाखू घालताना आपण टाळूवर तेल जिरवतो, तेव्हा खालची धकधक हाताला लागते. आज आम्ही त्या टाळूचीच गोष्ट सांगणार आहोत.

काही बाळांच्या मेंदूची घडण पोटात असतानाच बिघडते. मेंदूतलं पाणी पुढे जाण्याची वाट अरुंद राहते, पाणी साठतं, डोकं वाढत जातं. पूर्वी आत काय झालंय हे कुणाला दिसत नसे. मग बोट आईकडे वळे : ग्रहणात विळी धरली असशील!

१८९५ साली जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यात हाडं दिसत, मेंदू दिसत नसे. १९१८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात वॉल्टर डँडी या डॉक्टरांनी युक्ती काढली. मेंदूच्या पोकळीतलं पाणी सुईने काढायचं, तिथे हवा भरायची आणि फोटो घ्यायचा. तान्ह्या बाळाला ही सुई टाळूतूनच घालत. पोकळी किती फुगलीय, ते फोटोत उमटे. पण त्यात धोका होता, हालही होते. तरी पुढची पन्नासेक वर्षं ही पद्धत चालली.

१९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. सुई नाही, हवा नाही. १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच सुमारास टाळूवरून सोनोग्राफी करायला सुरुवात झाली. आवाजाच्या लहरी हाडातून नीट जात नाहीत, टाळूतून जातात. किरण नाहीत, भूल नाही.

ही खिडकी साधारण दीड वर्षात बंद होते. म्हणून बाळ रडत नसतानाही टाळू फुगलेली, ताठ लागली, डोकं भराभर वाढू लागलं, डोळे खालीच वळलेले राहिले, बाळ सारखं ओकू लागलं, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, टेपने डोकं मोजून घ्या, दवाखाना गाठा. जादा पाणी पोटात सोडणारी नळी डॉक्टरांना बसवता येते. ती वेळेत बसली तर मेंदूवरचा दाब कमी होतो.

आणि कुणी ग्रहणाचा विषय काढलाच, तर आम्ही म्हणतो ते सांगा : शंभर वर्षं डॉक्टर बाळांच्या मेंदूचे फोटो काढताहेत. त्यात विळीची खूण कुणालाच सापडलेली नाही.