पत्त्यांचे भाकीत आणि त्याचे मोल

इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव महाराष्ट्रास मुख्यतः ठाऊक आहे ते वारीमुळे. आषाढीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर अशी मजल मारीत येते, बेलवडीला रिंगण होते आणि पुढे अंथुर्ण्याला मुक्काम पडतो. अशा वाटांवर आणि गावोगावच्या जत्रांत पत्ते हाती घेऊन भविष्य सांगणारी दोन प्रकारची माणसे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. एक पोपटवाला जोशी: पिंजऱ्याचे दार उघडले, की पोपट बाहेर येऊन एक पान उचली आणि धनी ते वाचून दाखवी. दुसरा हातचलाखीचा खेळ करणारा: तो आधी एक चिठ्ठी बंद करून ठेवी, मग कोणासही एक पान काढावयास सांगे, आणि चिठ्ठीत तेच पान निघे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपोपट बाळगणे गुन्हा ठरले आणि पहिला माणूस विरळ झाला. दुसऱ्याचा खेळ मात्र आता दुकानातून तयार विकत मिळतो. तो घ्यावा की न घ्यावा, हे ठरवावयाचे कसे, असा प्रश्न नवशिका तरुण विचारतो. प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले, की माणूस इतिहासाच्या एका मोठ्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम पत्त्यांविषयी थोडेसे. आपल्याकडे पत्ते आले ते गंजिफा या नावाने. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मवृत्तात आहे. पुढे या मातीत दशावतारी गंजिफा रुजली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती कला जपली आणि १९७० च्या सुमारास तेथील राजघराण्याने तिला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. बावन्न पानांचा कॅट इंग्रजांबरोबर आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या युक्त्याही आल्या.

त्या युक्त्यांचा छापील इतिहास एका न्यायाच्या प्रश्नातून सुरू होतो, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने १५८४ साली चेटकिणींविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटूक केल्याच्या आरोपावरून गरीब म्हाताऱ्या बायकांस फाशी दिले जात होते. त्यावर, ज्यास तुम्ही सैतानी सामर्थ्य समजता ते बाजारातला गारुडीही करून दाखवितो, असे त्याचे म्हणणे. ते पटावे म्हणून त्याने नाणी, गोळ्या आणि पत्ते यांच्या क्लृप्त्या उघड करून लिहिल्या. म्हणजे पत्त्यांची मख्खी पहिल्यांदा ठळकपणे छापली गेली ती करमणुकीसाठी नव्हे, तर माणसांचे प्राण वाचावेत म्हणून.

आता मूळ खेळाकडे वळू. चिठ्ठीतले भाकीत खरे ठरविण्याच्या बाह्य तऱ्हा शेकडो असल्या तरी मुळात मार्ग तीनच आहेत. पहिला, निवड बांधून ठेवणे: पाहणाऱ्यास वाटते आपण मनास येईल ते पान काढले, प्रत्यक्षात तेच त्याच्या हाती यावे अशी योजना असते. दुसरा, चिठ्ठी मागाहून लिहिणे किंवा बदलणे: पान कोणते ते कळल्यावर मजकूर तयार होतो आणि तो आधीपासूनच तेथे होता असा आभास केला जातो. तिसरा, अनेक चिठ्ठ्या तयार ठेवणे: एक टोपीत, एक पाकिटात, एक पेटीच्या तळाशी, जी जुळेल ती दाखवावयाची, बाकीच्यांचा उच्चार करावयाचा नाही.

पहिल्या मार्गाचे एक निर्मळ उदाहरण देतो. अ‍ॅनेमान हा अमेरिकन जादूगार १९३४ पासून जादूगारांसाठी एक लहानसे नियतकालिक चालवीत असे. त्यात १९३६ साली स्ट्यूअर्ट जेम्स या कॅनडाच्या गृहस्थाचा एक खेळ आला. कॅट चांगला पिसून पाहणाऱ्याच्या हाती द्यावा. त्याने दोन दोन पाने उलटीत जावे; दोन्ही लाल निघाली तर ती जादूगाराची, दोन्ही काळी निघाली तर त्याची स्वतःची, एक लाल एक काळे निघाले तर बाजूला. शेवटी चिठ्ठी उघडावी; तीत लिहिलेले असते, ‘तुमच्या जोड्या माझ्यापेक्षा दोन अधिक होतील.’ आणि तसेच होते. कारण साधे आहे. मिश्र जोडीत लाल आणि काळे प्रत्येकी एक जाते, म्हणून उरलेल्या लाल-काळ्यांतील अंतर बदलत नाही. चार लाल पाने आधीच गुपचूप काढून ठेवली, की काळी पाने चारने, म्हणजे जोड्या दोनने, अधिक राहणारच. मग तुम्ही कॅट दिवसभर पिसा. येथे पेटी नाही, यंत्र नाही; शाळेतल्या वजाबाकीवर सारा खेळ उभा आहे.

यावरून खरेदीची पहिली कसोटी हाती येते. विकणारा जे वर्णन करतो ते पाहणाऱ्यास दिसणाऱ्या चमत्काराचे असते; विकत मिळते ती मख्खी. या दोहोंतील अंतराचेच पैसे पडतात. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. चिठ्ठी केव्हा लिहिली? ती कोणापाशी होती? आणि दुसरेच पान निघाले असते तर काय झाले असते? ज्या खेळाची जाहिरात या तिन्ही प्रश्नांवर मौन पाळते, तो घेताना हात आखडता ठेवावा. याखेरीज व्यवहाराच्या गोष्टी आहेतच. रंगमंचावर समोरून शोभणारा खेळ अंथुर्ण्याच्या मैदानात चहूबाजूंनी कडे करून बसलेल्या लोकांत टिकेल काय? खेळानंतर कोणी पाने तपासावयास मागितली तर देता येतील काय? एका गावात दुसऱ्यांदा करता येईल काय? आणि हीच मख्खी एखाद्या जुन्या, स्वस्त पुस्तकात पडून तर नाही ना?

परंतु हे तीन प्रश्न जादूच्या दुकानापुरतेच नाहीत. आमच्या या भागाच्या इतिहासात तेच प्रश्न फार निराळ्या प्रसंगी विचारले गेले. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. सुपे आजच्या बारामती तालुक्यात आहे. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि जागोजाग लोकांचा रोख एकाच वस्तूवर होता: कर्जरोखे. ते मागून घेऊन जाळले गेले. अक्षरशून्य कुणब्याने कागदावर ‘निशाणी नांगर’ करावी, आत काय लिहिले आहे ते त्यास कळू नये, आणि पुढे कोर्टात तोच कागद त्याचे भवितव्य ठरवावा, अशी ती स्थिती होती. चिठ्ठी सावकाराच्या ताब्यात, लिहिणार सावकार, उघडणारही सावकार. मग भाकीत खरे ठरले तर नवल ते काय?

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांस तो लागू झाला, म्हणजे इंदापूर तालुकाही त्यात आला. शेतकऱ्याचा रोखा सरकारने नेमलेल्या गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, आणि न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता त्यामागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा, असे त्यात ठरले. कागद केव्हा लिहिला, कोणासमक्ष लिहिला, मूळ देणे किती, हे प्रश्न तेव्हा कायद्याच्या भाषेत बसले. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे. पण जो कागद एकाच्याच हातात राहतो तो पुरावा नव्हे, हे तत्त्व मान्य झाले. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोग असेल. पण प्रश्न उघड्यावर विचारावेत ही वृत्ती दोन्हींच्या मुळाशी आहे.

याच वृत्तीची दुसरी मोठी कसोटी आमच्याच काळात, २००८ साली, पुण्यात झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर बुद्धिमान आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक देऊन मूळ नोंद पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात सुरक्षित ठेवली. म्हणजे चिठ्ठी तिऱ्हाइताच्या हाती दिली. प्रत्येक ज्योतिष्याने ४० कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगावयाचे. २७ जणांनी उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. एका संस्थेने दोनशेही कुंडल्या पाहिल्या. त्यांतील १०२ जुळल्या. नाणे उडवून याहून वेगळे फळ निघाले नसते. येथे मागाहून लिहिण्यास वाव नव्हता, अनेक चिठ्ठ्या ठेवण्यास वाव नव्हता, निवड बांधता येत नव्हती. तिन्ही वाटा बंद होताच भाकिताचे सामर्थ्यही संपले. पोपटाचे कोणतेही पान कोणासही लागू पडे, याचे रहस्य तिसऱ्या मार्गात आहे. तेथे सर्व चिठ्ठ्या एकाच पानावर लिहिलेल्या असतात.

मग जादूगार आणि भविष्यवादी यांत भेद तो कोणता? चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) जादूगार रघुवीर म्हणून गाजले. त्यांनी तिकीट लावून खेळ केले, आफ्रिकेपर्यंत दौरे काढले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. तिकीट काढून आत जाणाऱ्यास आपण फसणार हे ठाऊक असते, आणि त्या फसण्यात त्याचा आनंद असतो. घरी परतताना त्याच्या पदरचे तिकिटाखेरीज काही गेलेले नसते. भविष्याला पैसे देणारा मात्र मुलीचे लग्न, आजारपण, विहिरीचे पाणी अशा गोष्टी त्या चिठ्ठीवर सोपवितो. मख्खी दोघांची एकच असू शकेल. करार एक नाही.

तेव्हा त्या तरुणास आमचे उत्तर असे. वजाबाकीवर चालणारा, साध्या कॅटवर होणारा, चहूकडून पाहता येणारा खेळ मिळाला तर अवश्य घ्यावा. पुस्तकात मिळाला तर अधिक बरे. यंत्रावर विसंबणारा महाग खेळ, तो किती माणसांपुढे आणि किती वेळा करता येईल याचा हिशेब मांडूनच घ्यावा. आणि शिकून झाल्यावर तो गावातल्या पोरांस दाखवावा. चिठ्ठी उघडल्यावर एखादे पोर जर उठून विचारील, ‘ही लिहिली केव्हा, आणि होती कोणाजवळ?’ तर खेळ फसला असे समजू नये. त्या प्रश्नापायी सुप्याच्या बाजारात कागद जळले होते. खेळाचे सारे मोल तेथेच वसूल झाले.