११४३ किलोहर्ट्झ: रत्नागिरीचा रेडिओ

आजच्या भागाची सुरुवात एका आकड्याने करूया. ११४३. कोकणातल्या आजी-आजोबांच्या रेडिओचा काटा बरीच वर्षं याच आकड्यावर असायचा. मध्यम लहरी, ११४३ किलोहर्ट्झ, आकाशवाणी रत्नागिरी.

हे केंद्र १९७७ सालचं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा खूप लांबलचक होता, वर मंडणगड आणि खाली पार बांदा. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८मध्ये. म्हणजे केंद्र सुरू झालं तेव्हा मुंबईला जायचं तर एसटी आणि घाट, आणि मुंबईतल्या चाकरमान्याची खबर यायची ती पोस्टमनबरोबर. अशा पट्ट्यात आपल्या बोलीतला, आपल्या भातशेतीबद्दल आणि आंब्याच्या मोहोराबद्दल बोलणारा आवाज मिळणं म्हणजे काय, हे आज फोनवर हजार पॉडकास्ट असताना कळणं कठीण आहे. तरी प्रयत्न करू.

गंमत बघा, त्याच १९७७मध्ये, जुलैत, मद्रासला आपल्या देशातलं पहिलं एफएम प्रसारण सुरू झालं. मग रत्नागिरीला एफएम का नाही दिलं? सोपं आहे. लोकांकडे एफएम पकडणारे सेटच नव्हते. पण मला विचाराल तर दुसरं कारण जास्त भारी आहे, आणि ते आहे भूगोल.

थोडं इंजिनिअरिंग सहन करा. ११४३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण २६२ मीटर. एफएमची, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, फक्त ३ मीटर. छोटी लहर टॉर्चच्या उजेडासारखी वागते, मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. शंभर मीटर उंच मनोरा उभारलात तरी सपाट जमिनीवर क्षितिज येतं सुमारे ४१ किलोमीटरवर. आणि कोकणात सपाट काय आहे? वर कातळाचे सडे, खाली खाडी, आणि वाड्या सगळ्या त्या खाचेत. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून चालते, टेकडी ओलांडून उतरते. समुद्रावर तर ती अजून लांब जाते, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. होडीवरचा साधा सेलवरचा ट्रान्झिस्टर हे काम आरामात करायचा. आवाज खरखरीत होता, कबूल. रात्री लांबची स्टेशनं येऊन मध्येच घुसायची. पण हवामानाचा इशारा ऐकायला स्टीरिओ लागत नाही हो!

मग आले खासगी एफएमवाले. त्याआधी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी सगळ्यांच्या झाल्या, वाटप मात्र लिलावाने झालं. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात मोजपट्टी होती एक लाख लोकवस्तीच्या शहरांची. त्याच वर्षीच्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास! जाहिरातदाराच्या हिशेबात आपण बसलोच नाही. आणि बसलो असतो तरी खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची. मग गाणी आणि हशा एवढंच उरतं. त्याला माझी ना नाही, पण पुरात त्याचा उपयोग काय?

पूर म्हटलं म्हणजे चिपळूण, २२ जुलै २०२१. वीज गेली, मोबाइल गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२०ला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात तेच केलं होतं. टॉवरला वीज हवी, केबल हवी. रेडिओला ऐकणाऱ्याच्या बाजूने हवेत दोन सेल. शिवाय दहा लोक ऐकोत की दहा लाख, रेडिओचं 'सर्व्हर' कधी डाउन होत नाही. आम्ही ऑफिसात ज्याच्यासाठी रात्र-रात्र जागतो, ते इथे फुकटात मिळतं.

आता देशभर मध्यम लहरींचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होताहेत, भर एफएमवर आणि ॲपवर आहे. ॲपवर रत्नागिरी केंद्र दुबईतूनही स्वच्छ ऐकू येईल, छानच. पण खाडीच्या तळाशी रेंज नसलेल्या वाडीत? मला हा सौदा पटत नाही. एफएम वाढवा, पण आधी सड्यांवर पुरेसे छोटे ट्रान्समीटर तर लावा.

२०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना सूचना केली की फोनमध्ये एफएम असेल तर ते बंद करून ठेवू नका, आपत्तीत लागतं. तुमच्या फोनमध्ये आहे का बघा. बऱ्याच फोनमध्ये वायरवाला इअरफोनच अँटेना असतो, म्हणजे जॅक गेला की ही सोयही अडचणीत.

आणखी एक वाट आहे. २००६पासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. ट्रान्समीटर छोटा, आवाका दहा-पंधरा किलोमीटर. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे. आणि रामेश्वरमजवळ पांबनला २०१६पासून मच्छीमारांसाठीच एक केंद्र चालतं, कडल ओसै. तमिळमध्ये अर्थ समुद्राचा आवाज. मिरकरवाडा बंदरापासून दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ नकाशावर काढून बघा, त्यात काय काय येतं ते.